काप कुठनं घेतलाय?

भोसरीतल्या ज्या फोर्जिंग कारखान्यात मी पदवीनंतर लागले, तिथे मायक्रोत विडमानश्टेटन रचना दिसली म्हणजे लॉट अडकला. भट्टीचं तापमान चढलं किंवा माल जास्त वेळ आत राहिला, की पोलादातले ऑस्टेनाइटचे कण वाढतात. मग थंड होताना फेराइट कणांच्या कडेला बसून राहत नाही, सुयांच्या आकारात आत घुसतं. असं पोलाद आघाताला कच्चं. उपाय ठरलेला होता: माल परत भट्टीत घालायचा, 880 ते 900 अंशांवर नॉर्मलायझिंग करायचं आणि नवा तुकडा लॅबमध्ये आणायचा. रिपोर्टात ते लांबलचक नाव मी कितीदा तरी लिहिलं, पण हा विडमानश्टेटन कोण हे मला माहीत नव्हतं आणि लॅबमध्ये कुणाला त्याची गरजही वाटत नव्हती.

लॅबमध्ये एक काका होते. आयटीआय करून लागलेले, निवृत्तीला आलेले. मी सूक्ष्मदर्शकाखाली काही वेगळं दिसलं म्हणून उत्साहाने फोटो दाखवायला गेले की ते आधी विचारायचे, “मॅडम, फोटो राहू द्या. काप कुठनं घेतलाय ते सांगा.” याला कारण होतं. रोलिंग झालेल्या सळईतला सल्फाइडचा मळ आडव्या कापात ठिपक्यांसारखा दिसतो आणि उभ्या कापात लांब रेघांसारखा. सळई एकच, पण ठिपके बघून तुम्ही ती पास कराल आणि रेघा बघून नापास. त्यांचा हा प्रश्न माझ्याबरोबर फार लांब येणार होता, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पुढे अमेरिकेत एका विद्यापीठात संशोधनाला गेले. प्रवेश मिळाला तो पोलादाच्या विषयात, पण प्रकल्पाचे पैसे संपले. शेजारच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब हाताळणारं आणि नमुने तयार करणारं माणूस हवं होतं. नमुने अशनींचे होते. पोट भरायचं म्हणून मी होकार दिला.

पहिला तुकडा गिबियनचा. नामिबियात सापडलेला हा लोह-अशनी संग्राहकांच्या फार आवडीचा, म्हणून बाजारात सहज मिळतो. पॉलिश केल्यावर तो साध्या स्टीलच्या पट्टीसारखा चकचकीत दिसत होता. नायटल लावलं, म्हणजे अल्कोहोलमध्ये जेमतेम दोन टक्के नायट्रिक ॲसिड, भोसरीत दिवसभर वापरायचे तेच. काही सेकंदांत पृष्ठभाग मंद झाला आणि एकमेकींना ठरावीक कोनांत छेदणाऱ्या पट्ट्या वर आल्या. माझ्या रिपोर्टातली ती बदनाम रचना सूक्ष्मदर्शकाशिवाय, नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. कारखान्यात मी ती शंभरपट मोठी करून शोधायचे.

त्या नावामागचा माणूस तेव्हा कळला. ॲलॉइस फॉन विडमानश्टेटन व्हिएन्नातला. त्याने 1808 साली क्रोएशियात 1751 मध्ये पडलेल्या ह्राशिना अशनीचा काप ज्योतीवर तापवला. दोन मिश्रधातूंवर ऑक्साइडचे रंग वेगवेगळे चढले आणि नक्षी उघडी पडली. त्याच्याआधी चार वर्षं, 1804 मध्ये, नेपल्समध्ये राहणाऱ्या विल्यम थॉमसन या इंग्रजाने सायबेरियातल्या एका अशनीवरचा गंज काढायला नायट्रिक ॲसिड लावलं होतं. त्यालाही हीच नक्षी दिसली आणि त्याने ती छापूनही टाकली. म्हणजे आम्ही आजही थॉमसनची पद्धत वापरतो आणि नाव दुसऱ्याचं घेतो. विज्ञानात हे नवीन नाही, तरी मला थॉमसनबद्दल अजून वाईट वाटतं.

आता त्या पट्ट्यांबद्दल. लोह-अशनी म्हणजे मुख्यतः लोखंड आणि निकेल, निकेल बहुधा 5 ते 20 टक्क्यांच्या आसपास. फार तापलेल्या अवस्थेत सगळं एकाच रचनेत असतं, तिला टेनाइट म्हणतात. थंड होताना त्यातून निकेल कमी असलेलं कॅमासाइट वेगळं पडू लागतं, पण कुठेही नाही. टेनाइटच्या स्फटिकात अष्टफलकाच्या पृष्ठांना समांतर असे प्रतलांचे चार संच असतात, त्यांच्यावरच कॅमासाइटच्या पाट्या वाढतात. पाटी जाड होत जाते आणि नको असलेलं निकेल शेजारच्या टेनाइटमध्ये ढकलत जाते. शेवटी उरतात करड्या रुंद पट्ट्या, त्यांच्या कडेने टेनाइटची चमकती किनार आणि मधल्या फटींत दोन्हींचं बारीक मिश्रण, प्लेसाइट.

पोलादात हेच कार्बनमुळे होतं. कार्बनचा अणू छोटा, लोखंडाच्या अणूंच्या फटींतून तो वाट काढतो, म्हणून मिनिटांत काम होतं. निकेलचा अणू लोखंडाएवढाच. त्याला हलायचं तर शेजाऱ्याची जागा रिकामी व्हावी लागते. सहा-सातशे अंशांवर ही हालचाल अगदी संथ चालते आणि पाचशेच्या खाली जवळजवळ ठप्प होते. पट्टी मिलिमीटरभर रुंद व्हायची तर लाखो वर्षं हवीत. मी भट्टीचे आलेख मिनिटाला किती अंश या भाषेत वाचत आले होते. इथे तोच आकडा दहा लाख वर्षांना किती अंश असा लिहायचा होता, आणि त्याची सवय व्हायला मला बराच काळ लागला.

सुरुवातीचे कित्येक महिने माझं काम नुसतं नमुने तयार करण्याचं होतं. ऐकायला कंटाळवाणं वाटेल, पण मी जे शिकले त्यातलं बरंच तिथलं आहे. कापायचं ते सावकाश फिरणाऱ्या डायमंड ब्लेडने आणि भरपूर कूलंटखाली. घाई करून तुकडा तापवला तर ज्या रचनेसाठी सगळा खटाटोप तीच काठाला बिघडते. कारखान्यात आम्ही नमुना गरम प्रेसमध्ये बेकेलाइटमध्ये बसवायचो, दहा मिनिटांत हातात. इथे थंड इपॉक्सी ओतून रात्रभर थांबायचं. मग सिलिकॉन कार्बाइडचे कागद, 240 पासून 1200 पर्यंत. प्रत्येक कागदावर नमुना नव्वद अंशांत फिरवायचा आणि आधीचे ओरखडे पुसले गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. नंतर डायमंड पेस्ट, 6 मायक्रॉन, 3, 1, आणि शेवटी कोलॉइडल सिलिका.

खरा त्रास श्रायबरसाइटचा. हे लोखंड-निकेलचं फॉस्फाइड. दिसायला पांढुरकं, किंचित पिवळसर झाक, आणि भयंकर ठिसूळ. आजूबाजूचं कॅमासाइट मऊ आणि हे त्याच्या कितीतरी पट कठीण. कागदावर जरा दाब वाढला की त्याचा कण निखळतो आणि सगळ्या पृष्ठभागावर ओरखडा ओढत जातो. तासाभराचं काम वाया. एक कण निखळला की हाताला आधी कळतं. कापडावर नमुना फिरताना जी गुळगुळीत सरसर असते, तिच्यात बारीकसा खर्रर लागतो. अशा वेळी पुढे रेटायचं नाही, दोन कागद मागे जायचं. तिथले ज्येष्ठ तंत्रज्ञ हा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून ओळखायचे आणि मान वर न करता हात करायचे: थांब.

नायटल लावल्यावर धुणं हासुद्धा एक स्वतंत्र विषय. पाण्याने धुवायचं आणि लगेच अल्कोहोलने, मग गरम हवा. पाण्याचा थेंब कुठे भेगेत राहिला की दुसऱ्या दिवशी तिथे तपकिरी डाग. जमिनीत पडून राहिलेल्या अशनींत मातीतलं क्लोराइड शिरलेलं असतं, ते ओलाव्यात गंज चालूच ठेवतं. एका सहकाऱ्याने मला निरोपाला कॅम्पो देल सिएलोचा, म्हणजे अर्जेंटिनातला, छोटा काप दिला होता. तो मी पुण्याला आईकडे ठेवला. एका पावसाळ्यात त्याच्या काठाला नारिंगी पाणी सुटलं. आता तो सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात असतो आणि आई त्याला ‘तुझं लोणचं’ म्हणते.

काकांचा प्रश्न परत उभा राहिला तो पट्ट्यांची रुंदी मोजताना. अशनींचं जुनं वर्गीकरण या रुंदीवरच आहे: 0.2 ते 0.5 मिलिमीटर बारीक, 0.5 ते 1.3 मध्यम, 3.3 च्या वर सगळ्यात जाड. ढोबळमानाने निकेल कमी तितकी पट्टी रुंद. 1947 साली रशियाच्या पूर्व टोकाला पडलेल्या सिखोटे-अलिनमध्ये निकेल सहा टक्क्यांच्या आसपास, तिथे पट्ट्या इतक्या रुंद की लहान तुकड्यात नक्षी उमटायला जागाच उरत नाही. उलट नामिबियातला होबा, सुमारे 60 टनांचा, आजवर सापडलेला सर्वांत मोठा एकसंध अशनी. त्यात निकेल सोळा टक्क्यांच्या घरात आणि डोळ्यांना नक्षी शून्य.

हे आकडे साधे वाटतात. पण काप एका प्रतलात आणि पाट्या चार दिशांना. काप मूळ स्फटिकाच्या घनपृष्ठाला समांतर गेला तर पट्ट्यांच्या दोनच दिशा दिसतात, काटकोनात. अष्टफलकाच्या पृष्ठाला समांतर गेला तर तीन दिशा, एकमेकींशी साठ अंशांनी, आणि चौथा संच कापाच्याच प्रतलात आडवा पडल्यामुळे पट्टी म्हणून न दिसता मोठ्या धब्ब्यांसारखा दिसतो. आडातिडा काप असेल तर चारही दिशा, सगळ्या वेगळ्या रुंदीच्या. पाटी कापाशी काटकोनात असेल तरच खरी जाडी दिसते. तीस अंशांत असेल तर ती बरोब्बर दुप्पट दिसते.

एकदा एक विद्यार्थी दोन कापांच्या रुंद्या घेऊन आला. दोन्ही काप वेगळ्या अशनींचे आहेत, चुकून एका नावाखाली ठेवले गेलेत, असं त्याचं म्हणणं होतं. मोजमाप त्याने चोख केलं होतं. मी दोन्ही काप शेजारी ठेवले आणि पट्ट्यांमधले कोन मोजायला सांगितले. कोनांवरून प्रत्येक संचाचा कल काढला, रुंद्या दुरुस्त केल्या, आणि दोन्ही काप एकाच अशनीचे निघाले. त्याचा चेहरा उतरला. एक शोधनिबंध गेला ना! मी त्याला भोसरीच्या सळईची गोष्ट सांगितली. त्याला ती फारशी भावली नाही, पण पुढे त्याच्या वहीत प्रत्येक कापापुढे कोनांचा रकाना दिसू लागला.

रुंदीपेक्षा भरवशाचं मोजमाप मायक्रोप्रोबचं. इलेक्ट्रॉनांचा झोत टेनाइटच्या किनारीवरून एकेक मायक्रॉन सरकवायचा आणि दर ठिकाणी निकेल किती ते वाचायचं. कॅमासाइटमध्ये सहा-सात टक्के. सीमा ओलांडली की आकडा एकदम उडी मारतो, कडेला पन्नाशीच्या जवळ जातो आणि टेनाइटच्या मध्याकडे पुन्हा खाली येतो, मग दुसऱ्या कडेला परत वर. आलेख इंग्रजी एम अक्षरासारखा दिसतो. मध्यापर्यंत पोचायला निकेलला वेळ पुरला नाही, म्हणून मधली दरी. दरी किती खोल आणि किनार किती रुंद, या दोन आकड्यांवरून थंड होण्याचा वेग काढता येतो. 1960 च्या दशकाच्या मध्याला वुड आणि गोल्डस्टाइन यांनी ही वाट दाखवली. इथेही किनार तिरकी कापली गेली असेल तर आलेख ताणला जातो. प्रश्न तोच.

प्रोबची वेळ मला बहुतेक रात्रीची मिळायची. यंत्र स्वतः सरकत असतं, माणसाने फक्त झोत भरकटत नाही ना हे बघायचं. त्या रात्रींत मी या विषयाचा इतिहास वाचून काढला आणि एक गोष्ट लक्षात आली. आकडे बदलत आले आहेत. सुरुवातीला बऱ्याच अशनींसाठी दहा लाख वर्षांना मोजके अंश इतका संथ वेग निघायचा. मग प्रयोगशाळेत मिश्रधातू बनवून तपासल्यावर कळलं की अशनीत असलेला थोडासा फॉस्फरस सगळं गणित फिरवतो. नुसत्या लोखंड-निकेलमध्ये कॅमासाइट स्फटिकाच्या पोटात सुरूच व्हायला तयार नसतं. फॉस्फरस असला की त्याला सुरुवात करायला ठिकाण मिळतं, आणि निकेल हलतंही जास्त लवकर. वेग वाढवावे लागले. ज्यांनी आयुष्यभर जुने आकडे काढले त्यांच्यापैकीच काहींनी ते बदलले, हे मला फार मोठं वाटलं. कारखान्यात एकदा सही झालेला रिपोर्ट बदलायचा म्हणजे काय महाभारत होतं, ते मी पाहिलेलं होतं.

नव्या वेगांतून निघालेलं चित्रही वेगळं होतं. लघुग्रहाच्या पोटात धातूचा गोळा, वर दगडाचं जाड कवच, अशी पाठ्यपुस्तकी कल्पना. धातूतून उष्णता झपाट्याने वाहते, त्यामुळे कवचाखालचा सगळा गोळा जवळपास एकाच वेगाने थंड व्हायला हवा. पण गिबियन ज्या गटातला, त्या गटाचे वेग 2007 साली प्रसिद्ध झाले ते दहा लाख वर्षांना सुमारे 100 पासून 6,000 अंशांपर्यंत पसरलेले. म्हणजे काही तुकड्यांना एक अंश उतरायला दहा हजार वर्षं आणि काहींना एकशे सत्तरच्या आसपास. एका कवचाखाली हे जमत नाही. निष्कर्ष असा की टकरीत दगडी कवच उडून गेलं आणि सुमारे 300 किलोमीटर व्यासाचा धातूचा उघडा गोळा अवकाशात निवत गेला. बाहेरचा भाग लवकर, आतला उशिरा. माझ्या रात्रपाळीच्या आलेखांसारखेच आलेख एवढं सांगू शकतात, हे वाचल्यावर त्या रात्री मी झोतावरची नजर नेहमीपेक्षा जास्त जपली, एवढं खरं.

काही नमुने वेगळीच हकिगत सांगतात. एका जुन्या संग्रहातला तुकडा आला होता. नक्षीचा सांगाडा जागेवर, पण नायटल लावल्यावर कॅमासाइट सपाट करडं न दिसता दातेरी, खडबडीत कणांनी भरलेलं. कॅमासाइट सुमारे 750 अंशांच्या वर गेलं आणि पटकन थंड झालं की असं होतं. वातावरणातून येताना प्रत्येक अशनीच्या काठाला दोन-तीन मिलिमीटरचा असा पट्टा पडतो आणि तो शाबूत असला तर अशनी ताजा समजायचा. इथे मात्र पार मध्यापर्यंत तेच होतं. आकाशातून येताना एवढं आतपर्यंत तापणं शक्य नाही. कुणीतरी तो लोहाराच्या भट्टीत घातला होता. आत सोनं आहे का, किंवा नांगराचा फाळ होईल का, हे बघायला. जुन्या नोंदींत असे प्रकार भरपूर आहेत, आणि अशा नमुन्यावर प्रोब चालवून मूळ वेग काढायचा नाही हे पक्कं.

आपल्याकडचा प्रसिद्ध किस्सा जहांगीरचा. 1621 मध्ये जालंदरजवळ लोखंड पडलं, त्याने ते मागवलं आणि शस्त्रं घडवायला सांगितली. हातोड्याखाली ते टिकेना, म्हणून साधं लोखंड मिसळून तलवारी, खंजीर आणि सुरी बनवली, असं त्याच्या आत्मचरित्रात आहे. ती सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रिअर संग्रहालयात आहे. मी तिच्यासमोर उभी राहिले तेव्हा बाकीचे लोक मूठ बघत होते आणि मी विचार करत होते की हातोड्याखाली फुटलं ते बहुधा सल्फाइड आणि फॉस्फाइडमुळे. धंद्याची सवय, दुसरं काय.

सुट्टीत महाराष्ट्रात आले की ओळखीपाळखीचे लोक जड दगड घेऊन येतात. बहुतेक जण लोणारचं नाव घेतात. लोणारचं विवर आघाताने झालं हे खरं, पण ते बेसाल्टमध्ये आहे आणि तिथे लोखंडाचे गोळे विखुरलेले नाहीत. पिशवीतून निघतं ते बहुधा भट्टीची मळी, नाहीतर सिमेंटच्या गिरणीतला झिजलेला गोळा. एक गृहस्थ बुलढाण्याकडून एसटीने पाच-सहा किलोंचा गोळा मांडीवर घेऊन आले होते. कडेला घासून, पॉलिश करून बघितलं तर ग्रॅफाइटच्या वळवळत्या पाकळ्या. सरळसरळ बिडाचं लोखंड. निकेलची चाचणीही केली. डायमेथिलग्लायऑक्झाइम टाकलं की निकेल असेल तर गुलाबी रंग येतो. तो आला नाही. गृहस्थ म्हणाले, “ताई, तरी एकदा मोठ्या मशीनवर बघा.” मोठं मशीनही हेच सांगेल, हे पटवायला जेवणाची वेळ झाली. मग ते जेवूनच गेले.

खरा अशनी आला तरी तो बहुधा दगडी असतो. 2012 च्या मे महिन्यात नागपूरजवळ काटोलला पडले ते असेच. त्यांत लोखंड-निकेलचे बारीक कण असतात, चुंबक लागतो, पण मोठी नक्षी नाही. लोकांना हे सांगितलं की हिरमुसतात. माझ्या मते त्या कणांतही वाचण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते पिशवीवाल्याला सांगून उपयोग नसतो.

गेली काही वर्षं मी टेनाइटच्या किनारीच्या आणखी आत शिरले आहे. किनारीला लागून एक धूसर पट्टा असतो. साध्या सूक्ष्मदर्शकात तो नुसता ढगाळ, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मात्र दहापासून शेदीडशे नॅनोमीटरपर्यंतची बेटं दिसतात. ही बेटं टेट्राटेनाइटची. त्यात लोखंड आणि निकेल निम्मेनिम्मे असतं आणि त्यांचे अणू एकाआड एक थरांत लागलेले असतात. ही मांडणी सुमारे 320 अंशांच्या खालीच होते, आणि त्या तापमानाला अणू जवळपास हलतच नाहीत. म्हणून ती अशनीत सापडते, आपल्या लोखंडात नाही. तिचा चुंबकीय गुण जबरदस्त आहे, त्यामुळे विजेच्या मोटारींना दुर्मिळ मृदा धातूंशिवाय चुंबक मिळेल का, या शोधात असलेले लोक आता आमच्या विषयात डोकावतात. 1962 साली फ्रान्समध्ये न्यूट्रॉनांचा मारा करून ही मांडणी घडवली गेली होती. 2022 साली केंब्रिजच्या गटाने ओतलेल्या मिश्रधातूत ती मिळाल्याचं प्रसिद्ध केलं, आणि त्यांनी वापरलेली युक्ती होती फॉस्फरस मिसळण्याची.

चाकणला मोटारींच्या सुट्या भागांत असलेल्या एका जुन्या सहकाऱ्याने हे कुठेतरी वाचून मला फोन केला. मॅग्नेटच्या भावांनी तो वैतागलेला. मी त्याला बेटं, थर, 320 अंश, सगळं सांगितलं आणि शेवटी फॉस्फरसवर आले. तो थोडा वेळ गप्प, मग म्हणाला, “फॉस्फरस? अगं, सर्टिफिकेटवर तो 0.035 च्या वर दिसला की आम्ही ट्रक गेटवरूनच परत पाठवतो.”